आफ्रिकेतल्या छोट्या धंद्याला हातभार: कर्ज, रोख रक्कम, प्रशिक्षण की सोबत?

नैरोबी, कंपाला, दार-ए-सलाम, आक्रा, लागोस या शहरांत नोकरीधंद्यानिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींमध्ये हा विषय कधी ना कधी निघतोच. मंडळाच्या खात्यात थोडी शिल्लक असते, कंपनीने सामाजिक कामासाठी रक्कम बाजूला काढलेली असते, नाहीतर चार मित्रांनी ठरवलेलं असतं की इथल्याच एखाद्या भाजीवालीला, शिंप्याला, वेल्डिंगवाल्याला मदत करायची. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत असतं. गाडी अडते ती पुढे, पैसे द्यायचे कसे यावर. कुणी म्हणतं कर्ज द्या, फुकटचं टिकत नाही. कुणी म्हणतं आधी धंदा शिकवा. कुणी शिलाई मशीन घेऊन द्या म्हणतं. आणि अशा बैठकीत ज्याचा आवाज मोठा त्याचं चालतं.

खरं तर या प्रश्नावर आफ्रिकेत गेल्या पंधरा-वीस वर्षांत भरपूर शिस्तशीर काम झालं आहे. अर्जदारांची यादी करायची, चिठ्ठ्या टाकून काहींना मदत द्यायची, बाकीच्यांना द्यायची नाही, आणि दोन, चार, नऊ वर्षांनी दोन्ही गटांची मिळकत मोजायची. असे प्रयोग युगांडात, केनियात, घानात, टोगोत, नायजेरियात, इथिओपियात झाले. त्यांचे निष्कर्ष समोर ठेवून मी इथे पर्याय एकमेकांशेजारी मांडतो आहे, आणि जिथे माझं मत ठाम आहे तिथे ते स्पष्ट सांगतो आहे.

आधी कुणासाठी, ते ठरवा

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार आफ्रिकेतला ८५.८ टक्के रोजगार असंघटित आहे. म्हणजे टपरी, हातगाडी, घरगुती शिलाई, रस्त्याकडेची दुरुस्ती, छोटी शेती. यातली बहुतेक माणसं मोठं उद्योजक व्हायचं म्हणून इकडे आलेली नसतात. नोकरी मिळाली नाही आणि घर तर चालवायचंय, म्हणून टपरी टाकलेली असते. अशा बाईच्या हातात दुप्पट भांडवल आलं तरी ती लगेच चार माणसं कामाला ठेवणार नाही. मुलीची फी भरेल, छपराला पत्रे घालेल, थोडा जास्त माल भरेल. यात तिचं काहीच चुकत नाही. पण देशाची अर्थव्यवस्था यातून वाढेल, नवीन नोकऱ्या निघतील अशी अपेक्षा तुम्ही धरून बसला असाल, तर तुमची निराशा होणार.

दुसऱ्या बाजूला संख्येने कमी, पण वेगळ्या प्रकारचे धंदेवाले असतात. दोन-तीन कामगार आधीच आहेत, मागणी आहे, पण यंत्र नाही, जागा नाही किंवा हिशेब सांभाळणारं माणूस नाही. नोकऱ्या इथून निघतात. या दोघांना लागणारी मदत वेगळी, रक्कम वेगळी आणि निवडायची रीतही वेगळी. मी पाहतो ते बहुतेक वाद या दोन गोष्टींची सरमिसळ झाल्यामुळे होतात. म्हणून बैठकीत पहिला ठराव हाच करा: आपल्याला पन्नास घरांची चूल नीट पेटवायची आहे, की पाच धंदे असे उभे करायचे आहेत जे पन्नास जणांना पगार देतील?

कर्ज

लघुकर्जाबद्दल एकेकाळी फार मोठ्या आशा होत्या. २०१५ मध्ये सहा देशांतले अभ्यास एकत्र प्रसिद्ध झाले. त्यात इथिओपिया आणि मोरोक्को होते, आपलं हैदराबादही होतं. सार असं निघालं: कर्जामुळे काही धंदे थोडे वाढले, लोकांना पैशांची जुळवाजुळव करायला मोकळीक मिळाली, पण घराची मिळकत सरासरीने ठळकपणे वाढली असं कुठे दिसलं नाही. सगळे कर्जबाजारी झाले असंही नाही. ज्या चमत्काराच्या गोष्टी आपण ऐकत होतो, तो मात्र झाला नाही.

कारण हप्त्यात आहे. बहुतेक लघुकर्जांचा पहिला हप्ता आठवड्या-दोन आठवड्यांत सुरू होतो. मग माणूस तेवढ्यात फिरणारा मालच घेतो. शिलाई मशीन, फ्रिज, वेल्डिंग सेट यांचे पैसे वसूल व्हायला महिने लागतात, त्यात तो हात घालत नाही. कोलकात्यात कर्जदारांना पहिले दोन महिने हप्त्यातून सूट देऊन पाहिली, तेव्हा धंद्यातली गुंतवणूक आणि पुढे नफा दोन्ही वाढले. मात्र बुडवणाऱ्यांचं प्रमाणही वाढलं. म्हणजे कर्ज सोयीचं करायचं तर देणाऱ्याने थोडा धोका पत्करायला हवा, हे ठरवूनच उतरावं.

केनियात आता कर्ज मोबाइलवर मिळतं. सफारीकॉम या मोबाइल कंपनीने २००७ मध्ये एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवायची सेवा, सुरू केली, २०१२ मध्ये त्यावर एम-श्वारी नावाचं बचत-कर्ज खातं आलं. तिथे बरीच वर्षं तीस दिवसांच्या कर्जावर साडेसात टक्के आकार लागायचा. पाच हजार शिलिंग घेतले तर महिन्याने ३७५ शिलिंग वरचे. रोज पहाटे घाऊक बाजारातून सुकुमा विकी या पालेभाजीच्या जुड्या आणून संध्याकाळपर्यंत विकणाऱ्या बाईचा पैसा दिवसाला एकदा फिरतो, तिला हा आकार झेपतो. शिंप्याला झेपत नाही. एम-श्वारीच्या अभ्यासात दिसलेला फायदाही अडीअडचणीचा होता: आजारपण, फी अशा वेळी गरजेचा खर्च टाळावा लागणारी घरं कमी झाली. सरकारने ३० नोव्हेंबर २०२२ ला ‘हसलर फंड’ सुरू केला. ५०० ते ५०,००० शिलिंग, वर्षाला आठ टक्के व्याज. व्याज खरंच कमी आहे, पण सुरुवातीची रक्कम इतकी छोटी आणि परतफेड इतक्या लवकर की त्यातून यंत्र येत नाही.

व्याज कमी करा म्हणणाऱ्यांनी केनियाचाच एक धडा लक्षात घ्यावा. २०१६ मध्ये तिथल्या संसदेने बँकांच्या व्याजदरावर मर्यादा घातली, मध्यवर्ती बँकेच्या दराच्या वर चार टक्के, त्याहून जास्त नाही. हेतू छोट्या माणसाला दिलासा देण्याचा होता. बँकांनी सरकारी रोख्यांत पैसे ठेवले आणि जोखमीच्या छोट्या धंद्यांना कर्ज देणं कमी केलं. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये मर्यादा उठवावी लागली.

कर्जाचा एक प्रकार मात्र मला मनापासून पटतो: ज्या वस्तूसाठी कर्ज, तीच वस्तू तारण. केनियातल्या दूध उत्पादकांना पावसाचं पाणी साठवायच्या टाक्या कर्जाने देऊ केल्या होत्या. नेहमीच्या अटी, म्हणजे जामीनदार आणि पूर्ण रकमेची हमी, घातल्या तेव्हा शंभरात दोन-तीन शेतकरी पुढे आले. टाकीच तारण धरली आणि अनामत अगदी थोडी ठेवली, तेव्हा शंभरात चाळीसहून अधिक जणांनी कर्ज घेतलं. टाकी उचलून न्यायची वेळ फारच क्वचित आली. पूर्व आफ्रिकेतल्या बोडा-बोडा, म्हणजे दुचाकी टॅक्सी, याच तत्त्वावर पसरल्या. त्यात आपल्या आकुर्डीच्या बजाजची बॉक्सर जागोजागी दिसते. चालकाकडे जमीन नसते, पगाराची पावती नसते, पण गाडी असते आणि ती रोज पैसे मिळवते. तुमच्या गटाला कर्जच द्यायचं असेल तर असं द्या.

रोख रक्कम

‘फुकटचं टिकत नाही’ हे वाक्य मराठी बैठकीत हमखास येतं. युगांडाच्या उत्तर भागातला प्रयोग त्याला चांगलं उत्तर देतो. लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी या बंडखोर टोळीच्या लढाईने पोळलेला तो प्रदेश. सरकारने तरुणांच्या गटांकडून प्रस्ताव मागवले: सुतारकाम, शिलाई, धातुकाम, केशकर्तन. निवडलेल्या गटांना दर माणशी सरासरी ३८२ डॉलर दिले आणि नंतर देखरेख जवळजवळ ठेवलीच नाही. सगळ्यांना वाटलं होतं पैसे उडतील. चार वर्षांनी पाहिलं तर पैसे मिळालेल्यांची मिळकत न मिळालेल्यांपेक्षा ३८ टक्के जास्त होती, धंद्यातली मालमत्ता ५७ टक्के जास्त.

नवव्या वर्षी पुन्हा मोजलं तेव्हा मिळकतीतला फरक जवळजवळ मिटला होता. ज्यांना पैसे मिळाले नव्हते तेही हळूहळू वर आले होते. टिकून राहिलं ते हातातलं कसबाचं काम आणि मालमत्ता. याचा अर्थ मी असा लावतो: रोख मदत माणसाला पाच-सहा वर्षं आधी पुढे नेते. तरुण वयातली पाच-सहा वर्षं म्हणजे थोडी नव्हेत. पण एकदा पैसे दिले की कायमचं दारिद्र्य हटलं, अशी जाहिरात मात्र करू नये.

आता वाढीचा प्रश्न. पश्चिम केनियातल्या सियाया परगण्यात ‘गिव्हडायरेक्टली’ या संस्थेने साडेदहा हजारांहून अधिक गरीब घरांना प्रत्येकी सुमारे एक हजार डॉलर दिले, तेही थेट मोबाइलवर. संशोधकांनी ६५३ गावांचा हिशेब ठेवला. ज्या घरांना पैसे मिळाले नव्हते त्यांचाही खर्च वाढला, शेजारच्या दुकानांची विक्री वाढली, आणि एका डॉलरमागे स्थानिक अर्थव्यवस्थेत सुमारे अडीच डॉलरची उलाढाल झाली. भाव मात्र जेमतेम हलले. पत्रेवाल्याकडून पत्रे घेतले, त्याने खाटीक गाठला, खाटकाने शाळेची फी भरली, अशी ती साखळी. धंद्याला मदत करायची तर धंदेवाल्यालाच पैसे दिले पाहिजेत असं नाही, गिऱ्हाइकाच्या खिशात पैसे आले तरी दुकान चालतं. हा निष्कर्ष आपल्याकडे जितका चर्चेत यायला हवा तितका आलेला नाही.

रक्कम एकदम द्यायची की महिन्याच्या महिन्याला? याचंही उत्तर केनियातच आहे. त्याच संस्थेच्या दुसऱ्या प्रयोगात काही गावांना दर महिन्याला थोडे थोडे पैसे मिळाले, काहींना ५०० डॉलर एकरकमी. एकरकमी घेणाऱ्या गावांत धंदे जास्त निघाले. आणि बारा वर्षं दरमहा पैसे मिळणार हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांनी काय करावं? भिशी लावली. केनियात तिला चामा म्हणतात. दरमहाचे छोटे पैसे फिरवून प्रत्येकाने आपली मोठी रक्कम उभी केली. धंद्यासाठी एकरकमी हवी असते, हे लोकांनी स्वतःच्या वागण्यातून दाखवून दिलं.

पैसे की वस्तू, आणि बायकांचा प्रश्न

घानाच्या शहरांतल्या एका प्रयोगात छोट्या धंदेवाल्यांना १५० सेडी (घानाचं चलन) मिळाले. काहींना रोख, काहींना तेवढ्याच किमतीचा त्यांनीच निवडलेला माल किंवा उपकरणं. बायकांच्या बाबतीत रोख पैशाने नफा वाढलाच नाही. वस्तूने वाढला, पण आधीपासून बऱ्यापैकी चालणारे धंदे होते त्यांचाच. अगदी तुटपुंजा धंदा असणाऱ्या बायकांना दोन्हींतून काही फरक पडला नाही, पैसा घरात गेला.

हे ऐकून ‘बायकांना धंदा जमत नाही’ असं कुणी म्हणालं तर त्याला पुढचं सांगा. भारत, श्रीलंका आणि घाना इथली आकडेवारी पुन्हा तपासली तेव्हा दिसलं की घरात नवऱ्याचाही धंदा असेल तर बाईच्या नावाने आलेले पैसे बरेचदा तिकडे वळतात. जिथे घरात बाईचा एकटीचाच धंदा, तिथे तिच्या भांडवलावरचा परतावा पुरुषांइतकाच निघतो. म्हणून अर्ज घेताना एक साधा प्रश्न विचारावा: घरात आणखी कुणाचा धंदा आहे? असेल तर वस्तू द्या, किंवा सरळ दोघांना बसवून बोला. नसेल तर रोख द्यायला हरकत नाही.

बचतीचंही इथेच सांगतो, कारण बायकांसाठी ती कर्जाच्या बरोबरीने, कधी जास्तच उपयोगी पडते. पश्चिम केनियातल्या बुमाला गावच्या बाजारात भाजीविक्रेत्या बायकांना बँकेत खाती काढून दिली. त्यावर व्याज नव्हतं, उलट पैसे काढायला शुल्क होतं. तरीही खातं मिळालेल्या बायकांची धंद्यातली गुंतवणूक ३८ ते ५६ टक्क्यांनी वाढली. पैसे हाताशी नसले की दिरा-जावांच्या मागणीला नाही म्हणता येतं, एवढंच त्यातलं मर्म. सायकल टॅक्सी चालवणाऱ्या पुरुषांवर मात्र खात्याचा असा परिणाम दिसला नाही.

आपल्याला बचत गट माहीत आहेत. आफ्रिकेतल्या गावपातळीवरच्या बचत गटांची पद्धत १९९१ मध्ये नायजरमध्ये ‘केअर’ संस्थेने रुजवली. आपल्या गटांपेक्षा त्यात एक मोठा फरक आहे. आपला गट वर्षानुवर्षं चालतो आणि बँकेशी जोडला जातो. तिथला गट नऊ ते बारा महिन्यांनी लोखंडी पेटी सगळ्यांसमोर उघडतो, सगळा पैसा वाटून टाकतो आणि पुन्हा शून्यापासून सुरू करतो. हिशेब साधा राहतो, अफरातफरीला वाव कमी. महाराष्ट्रातला नमुना जसाच्या तसा तिकडे नेण्याचा मोह टाळावा. तिथल्या गटाला वाटणीचा दिवस कधी येतो ते विचारावं आणि त्या वेळी मदतीचा हात पुढे करावा, तेव्हा प्रत्येकीच्या हातात स्वतःचंही थोडं भांडवल असतं.

प्रशिक्षण, सोबत, की माणूसच लावून देणं

प्रशिक्षण हा मंडळांचा आवडता पर्याय. हॉल असतो, व्यवस्थापन शिकलेले सदस्य असतात, फोटोही चांगले येतात. पण नुसत्या हिशेब-विपणन-साठा छाप वर्गांचा हाती लागणारा फायदा बहुतेक ठिकाणी थोडाच दिसला आहे.

टोगोची राजधानी लोमे इथे १,५०० छोट्या धंदेवाल्यांचे तीन गट केले. एकाला नेहमीचं व्यवसाय प्रशिक्षण, एकाला पुढाकार घेण्याचं प्रशिक्षण, तिसऱ्याला काही नाही. पुढाकाराच्या वर्गात शिकवलं होतं की दुसऱ्यांपेक्षा वेगळं काय देता येईल ते शोधा, अडचण येण्याआधी तिचा विचार करा, पहिल्या नकाराला थांबू नका. तो वर्ग मानसशास्त्राच्या अभ्यासावर बेतला होता. त्या गटाचा नफा ३० टक्के वाढला. नेहमीच्या प्रशिक्षणाची वाढ ११ टक्के होती, आणि ती योगायोगाहून वेगळी आहे असं ठामपणे म्हणता येईल एवढी नव्हती. शिकवायचंच असेल तर काय शिकवता यावर सगळं अवलंबून आहे.

नैरोबीच्या दांडोरा वस्तीतला प्रयोग मला सगळ्यांत जवळचा वाटतो. शहराचा प्रचंड कचरा डेपो असलेली ही वस्ती. तिथल्या धंद्यात नव्या असलेल्या काही बायकांना वर्गात शिकवलं. काहींची गाठ त्याच वस्तीत यशस्वी धंदा चालवणाऱ्या अनुभवी बाईशी घालून दिली. महिनाभर आठवड्याला एकदा भेटायचं, एवढंच. वर्गाचा नफ्यावर परिणाम झाला नाही. सोबत मिळालेल्या बायकांचा नफा सरासरी २० टक्के वाढला. का, तर माल कुठे स्वस्त मिळतो, कोणता व्यापारी मापात मारत नाही, कुणाकडे कुठल्या वारी जायचं, हे त्या बाईला ठाऊक होतं आणि तिने सांगितलं. हे कुठल्या पुस्तकात नसतं, आणि आपण परक्यांनी तर ते शिकवणं शक्यच नाही. भेटी थांबल्या तसा फायदा ओसरत गेला. बाजार बदलतो, कालचा स्वस्त व्यापारी आज स्वस्त राहत नाही. म्हणून सोबत महिन्यापुरती न ठेवता वर्षभर चालेल अशी व्यवस्था करावी, आणि अनुभवी बाईला तिच्या वेळेचा मोबदला द्यावा.

किती छोट्या गोष्टीत नफा गळतो याचं एक उदाहरण पश्चिम केनियातलंच. गिऱ्हाईक तीस शिलिंगची खरेदी करतं आणि दोनशेची नोट पुढे करतं. सुटे नाहीत. दुकानदार शेजारी पळतो, शेजाऱ्याकडेही नसतात, गिऱ्हाईक निघून जातं. संशोधकांनी हे मोजलं तेव्हा सरासरी दुकानाचा पाच ते आठ टक्के नफा निव्वळ सुट्या पैशांअभावी जात होता. दुकानदारांना हा आकडा दाखवला, आठवड्याला फक्त चौकशी केली, तरी त्यांनी सुटे जास्त ठेवायला सुरुवात केली. शेकडो डॉलर खर्चून प्रशिक्षण वर्ग भरवण्याआधी तुमच्या निवडलेल्या धंद्यापाशी दोन दिवस स्टूल टाकून बसा, विक्री कुठे हुकते ते लिहून काढा.

थोडा मोठा धंदा असेल, चार-पाच कामगार असतील, तर आणखी एक मार्ग आहे. नायजेरियात काही धंदेवाल्यांना शिकवलं, आणि काहींना हिशेबाचं किंवा विक्रीचं काम जाणणारं माणूस काही महिने लावून दिलं, किंवा ते काम बाहेरच्या व्यावसायिकाकडून करून दिलं. दोन वर्षांनी माणूस मिळालेले धंदे पुढे होते. मालकाने सगळं स्वतः शिकलं पाहिजे हा आग्रह आपणच धरतो. पुण्यातला कारखानदार जीएसटीचा परतावा स्वतः भरत बसतो का? त्याचा सीए भरतो.

नोकऱ्या निर्माण करायच्या असतील तर

इथे रक्कम मोठी लागते, हे सरळ मान्य करावं लागतं. नायजेरियाने २०११ मध्ये ‘यूविन’ नावाची स्पर्धा घेतली. जवळजवळ २४,००० अर्ज आले, सहा हजार जणांना चार दिवसांचं शिक्षण देऊन आराखडा लिहायला लावला, आणि १,२०० जणांना प्रत्येकी सरासरी ५०,००० डॉलरच्या आसपास दिले. ते चार हप्त्यांत, टप्पे पूर्ण होतील तसे. विजेत्यांतला मोठा भाग चिठ्ठ्या टाकून निवडला होता, त्यामुळे तुलना खणखणीत झाली. नव्या धंद्यांपैकी दहा किंवा जास्त माणसं कामाला ठेवणाऱ्यांचं प्रमाण पैसे न मिळालेल्यांपेक्षा शंभरामागे २३ ने जास्त निघालं. तीन वर्षांनी हिशेब केला तर एकूण ७,००० वर जास्तीच्या नोकऱ्या.

याच स्पर्धेवरून आणखी एक गोष्ट कळली, आणि परीक्षक म्हणून बसणाऱ्या प्रत्येकाने ती ऐकावी. परीक्षकांनी दिलेले गुण आणि पुढचं यश यांचा फारसा मेळ बसला नाही. संगणकाच्या गणितानेही काही विशेष चांगलं भाकीत केलं नाही. तेव्हा अगदी कच्चे अर्ज बाजूला काढा आणि उरलेल्यांत चिठ्ठ्या टाका. कुणाची ओळख चालत नाही, भांडण होत नाही, आणि नंतर तुम्हाला खरा परिणामही मोजता येतो. एवढी मोठी रक्कम जमवणं तुम्हाला शक्य नसेल, तर होतकरू माणसाला टोनी एलुमेलू फाउंडेशनचा अर्ज भरायला मदत करा. नायजेरियातलं हे प्रतिष्ठान २०१५ पासून आफ्रिकेतल्या नवउद्योजकांना ५,००० डॉलरचं बीजभांडवल देतं.

‘छोटे धंदे सोडा, मोठे कारखाने आणा’ हा दुसरा टोकाचा सल्लाही ऐकू येतो. इथिओपियात तोही तपासला गेला. पाच कंपन्यांकडे नोकरीसाठी आलेल्या तरुणांतल्या काहींना नोकरी दिली, काहींना ३०० डॉलर आणि थोडं प्रशिक्षण, उरलेल्यांना काहीच नाही. वर्षभरात नोकरी मिळालेल्यांपैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक जण ती सोडून गेले, त्यांची मिळकत वाढली नव्हती आणि तब्येतीच्या तक्रारी मात्र वाढल्या होत्या. ३०० डॉलरवाल्यांची मिळकत सुमारे एक-तृतीयांशाने वाढली होती. पाच वर्षांनी तिन्ही गट सारखेच झाले. कारखान्यांची जोखीमही वेगळी असते. इथिओपियातल्या हवासा शहराच्या औद्योगिक वसाहतीत शिवणकामगाराचा मूळ पगार महिन्याला २६ डॉलरच्या आसपास होता. टिग्रे प्रांतातल्या युद्धामुळे अमेरिकेने जानेवारी २०२२ पासून इथिओपियाची करमुक्त निर्यातीची सवलत काढून घेतली, एक मोठी अमेरिकी कंपनी त्याच्या थोडं आधीच निघून गेली, आणि शिवणकाम करणाऱ्या मुलींच्या हातात काहीच उरलं नाही. देशाला कारखाने हवेतच, पण ते उभे करणं हे मंडळाचं काम नाही.

नैरोबीत दहा लाख रुपये असतील तर

दहा लाख रुपये म्हणजे चौदा-पंधरा लाख केनियन शिलिंगच्या घरात. हेतू घरं सावरण्याचा असेल तर मी यातून कर्ज देणार नाही. वसुलीला माणूस ठेवावा लागतो, तो स्थानिक कार्यकर्ता आणि वस्ती यांच्यात कडवटपणा येतो, आणि एवढ्या रकमेत मोबाइल कर्जांशी स्पर्धा करून काही हाती लागत नाही. तीस-पस्तीस बायका निवडाव्यात, ज्यांचा धंदा किमान वर्षभर चालू आहे. एकाच वस्तीतल्या, म्हणजे अनुभवी बाईची सोबत जोडून देता येते. घरात एकटीचाच धंदा असेल तिला तीस हजार शिलिंग एकरकमी रोख, बाकीच्यांना तेवढ्याच किमतीचं त्यांनी निवडलेलं साधन. उरलेल्या पैशांतून चार-पाच अनुभवी बायकांना वर्षभराचा मोबदला.

हेतू नोकऱ्यांचा असेल तर हीच रक्कम दोनच धंद्यांत घालावी, ज्यांच्याकडे आधीच तीन-चार कामगार आहेत. नैरोबीच्या कामुकुंजी भागातला लोखंडी पेट्या आणि शेगड्या बनवणारा कारागीर घ्या. पत्रा वाकवायचं यंत्र त्याच्याच नावावर, निम्मी किंमत कर्जाने आणि त्याला ते यंत्रच तारण, पहिला हप्ता तिसऱ्या महिन्यानंतर, आणि सहा महिने हिशेबनीस तुमच्या खर्चाने. केनियात आता विक्रीची पावती कर खात्याच्या ईटिम्स प्रणालीतून द्यावी लागते. ती नसेल तर मोठं गिऱ्हाईक त्याच्याकडून माल घेत नाही, कारण खर्च करातून वजा करता येत नाही. हिशेबनिसाने पहिल्या महिन्यात हेच काम मार्गी लावावं.

नायजेरिया किंवा इथिओपियात असाल तर एक खबरदारी जास्त घ्या. नायरा जून २०२३ मध्ये आणि बिर जुलै २०२४ मध्ये मोकळे सोडल्यावर दोन्ही चलनं जोरात घसरली. आयात यंत्राची किंमत आज ठरवून पैसे सहा महिन्यांनी दिले, तर तेवढ्या पैशांत यंत्र येईलच असं नाही. पैसे देशात आले की त्याच आठवड्यात यंत्र विकत घ्यावं.

आणि मोजणी. मदत देण्याआधी एकदा, वर्षाने एकदा, तीन वर्षांनी एकदा. विक्री विचारू नका, ती लोक अंदाजे सांगतात. ‘गेल्या महिन्यात सगळा खर्च वजा जाऊन हातात किती राहिले’ एवढंच विचारा, आणि ज्यांची चिठ्ठी निघाली नाही त्यांनाही तोच प्रश्न विचारायला जा. त्यांच्या वेळेचे थोडे पैसे द्यावेत, आणि दुसऱ्या वर्षी मदत पुन्हा करणार असाल तर पहिला हक्क त्यांचा ठेवावा.